सावलीची हजेरी

आमच्या शाळेत दर सोमवारी वर्गाच्या दाराबाहेर एक छोटा फळा टांगायचा नियम आहे. वर रंगवलेलं असतं, ‘या आठवड्यात आम्ही शिकतो’, आणि खाली आम्ही खडूने भर घालायची. कल्पना मोठ्या बाईंची. पालकांना कळायला हवं म्हणे. पालक संध्याकाळी येतात ते एका हाताने पोराला आणि दुसऱ्या हाताने दप्तराला ओढत, फोन खांद्यात आणि कानात चेपून, त्या फळ्यासमोरून भरकन निघून जातात. मागे एकदा मी ‘भागाकार’ हा शब्द महिनाभर तसाच ठेवला होता. कुणी ब्र काढला नाही.

त्या सोमवारी मी लिहिलं: सावली.

मी तिसरीला शिकवते. इतकी वर्षं शिकवते की घरचे म्हणतात, हिला कुणीतरी पास करा एकदाचं. पण मला तिसरीच आवडते. दुसरीतली अजून बाळं असतात आणि चौथीतल्यांना शिंगं फुटलेली असतात. तिसरीतली पोरं मधल्या मधे, अर्धी जागी, अर्धी दुसरीकडेच कुठेतरी. खरं सांगायचं तर मीही तशीच आहे. मला राग पटकन येतो आणि तंद्री त्याहून पटकन लागते. फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबले की मागून कुणीतरी हळूच म्हणतं, ‘बाई गेल्या’, आणि सगळे गप्प बसून मी परत यायची वाट बघतात.

मुलांना टोपणनावं ठेवायची मला खोड आहे. मोठ्या बाई त्यावरून मला बोलल्याही, पण पालथ्या घड्यावर पाणी. एक आहे वकील. त्याला ‘खाली बस’ म्हटलं की तो आधी ‘का’ विचारतो आणि मग बसतो. एक आहे मोजणीबाई, तिला दिसेल त्या गोष्टीची लांबी-रुंदी घ्यायची असते. एकदा तिने माझं नाकही मोजलं. आणि त्या वर्षी होती बगळी.

बगळी वर्ष अर्धं झाल्यावर आली. वडिलांचं काम जिथे, तिथली शाळा, असं तिचं चाललेलं. त्यामुळे हजेरीत तिचं नाव सगळ्यांच्या शेवटी. घाबरली असली किंवा कुणाची वाट बघत असली की ती एक पाय गुडघ्यात दुमडून दुसऱ्यावर उभी राहायची. म्हणून बगळी. मी कितीदा सांगितलं, नीट उभी राहा गं, पडशील. ती दोन्ही पाय टेकायची, आणि माझी पाठ वळली की एक परत वर.

शाळेचं अंगण फरशीचं आहे. एका कडेला पाण्याचे नळ, दुसऱ्या कडेला भिंत. त्या भिंतीपलीकडे एक इमारत चढत होती. एके काळी या गल्लीत आमची दुमजली शाळाच सर्वांत उंच होती. ही कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्याही डोक्यावर पिवळी क्रेन. क्रेनचा लांब हात दिवसभर सावकाश फिरायचा, आणि फिरता फिरता कधी त्याची सावली आमच्या खिडक्यांवरून जायची. वर्ग क्षणभर अंधारायचा आणि परत उजळायचा, कुणी पापणी मिटून उघडावी तसा. मुलांना त्याची इतकी सवय झाली होती की वाचता वाचता ती तेवढ्यापुरती थांबायची आणि मग पुढचं वाक्य वाचायची.

त्या क्रेनच्या खोपटात, वर, बगळीचे बाबा बसायचे.

सोमवारी दहाच्या सुट्टीआधी मी वर्ग अंगणात नेला. हिवाळ्यातलं कोवळं ऊन होतं. माणसाला काही करू नये, नुसतं उभं राहावं असं वाटायला लावणारं. मुलांच्या जोड्या केल्या. एकाने पुतळा व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या पावलांभोवती खडू फिरवायचा, मग सावलीच्या कडेकडेने. थोड्या वेळात सगळ्या फरशीवर लांबच लांब मुलं आडवी पडली, पांढऱ्या रेघांची. खरी मुलं त्यांच्या पायाशी उभी राहून बघत होती. एरवी यांना गप्प करायला मला घसा फोडावा लागतो. त्या दिवशी कुणी बोलेना.

‘ही मी आहे?’ मोजणीबाईने विचारलं.

‘तुझी सावली आहे.’

‘माझ्याहून मोठी आहे.’ तिला ते फारच आवडलेलं दिसलं.

मग मला एक लहर आली. मी म्हटलं, आज सावल्यांची हजेरी घेऊ. माना खाली, डोळे फरशीवर. मी नाव घेतलं की सावलीने हात वर करायचा आणि माणसाने ‘हजर’ म्हणायचं. मी नावं घेत गेले. फरशीवरून एकेक काळा हात उठत गेला आणि खाली गेला. शेवटी बगळीचं नाव आलं. तिची सावली एका पायावर उभी होती. हात वर गेला, पण तो नुसता वर राहिला नाही, हलायला लागला.

‘कुणाला हात करतेस?’ मी विचारलं.

‘बाबांना. त्यांना इथलं सगळं दिसतं.’

‘कशावरून?’ वकील म्हणालाच.

‘मी हात केला की ते हुक हलवतात.’

सगळ्यांनी माना वर केल्या. क्रेनच्या हाताला लांब तारेने लोंबकळणारा मोठा हुक होता. आणि खरोखरच, तो जरासा इकडे झाला, जरासा तिकडे. वर्गातून ‘आऽऽ’ असा एकच श्वास निघाला. मग सगळेच हात हलवायला लागले आणि हुकही आपला हलत राहिला. वकिलानेही केला हात, अर्धाच, खिशात दुसरा ठेवून. त्या दिवशी डबा खाताना बगळीशेजारी बसायला भांडणं झाली.

मंगळवारी त्याच वेळी पोरं आपापल्या खडूच्या पावलांवर पाऊल ठेवून उभी राहिली. शिपाईकाकांना मी अंगण धुऊ नका म्हणून बजावलं होतं. काका कुरकुरले, पण ऐकलं त्यांनी. कालच्या रेघांत आजच्या सावल्या अलगद जाऊन बसल्या. धुऊन वाळवलेला आपलाच सदरा अंगात घालावा तसं. पोरं खुळावली. कुणी डोळे मिटून घेतले. मला स्वतःला त्या क्षणी वाटलं की काळ-वेळ वगैरे सगळं थोतांड आहे, कालचा दिवस कुठे जात नाही, फरशीवर आपली वाट बघत पडून असतो.

वकिलाचं लक्ष दुसरीकडेच होतं. ‘बाई, माझ्या बोटाची सावली चाकूसारखी आहे. क्रेनची तशी नाही. ती भिजल्यासारखी का दिसते?’

प्रश्न चांगला होता, म्हणून मला त्याचा थोडा रागही आला. ‘वस्तू जितकी लांब, तितकी तिच्या सावलीची कड पुसट,’ मी म्हटलं. ‘तुझं बोट जवळ आहे. क्रेन लांब आहे.’

‘म्हणजे लांबचं सगळं पुसट?’

‘सावलीत तरी.’

त्या दिवशी क्रेन सारखी फिरत होती. लोखंडी पत्र्यांच्या मोठाल्या फळ्या एकेक करून वर जात होत्या आणि इमारतीच्या माथ्यावर कडेने उभ्या राहत होत्या. आतून सळ्या, बाहेरून फळ्या, मग मध्ये काँक्रीट, असं बगळीने सगळ्यांना समजावून सांगितलं. तिचा भाव अजून चढाच होता.

बुधवारी मी मुलांना पुढे पाठवलं आणि मोठ्या बाईंच्या खोलीत अडकले. जाताना सांगितलं, आज सावली पावलांनी मोजा, मी आलेच. पोचले तर मोजणीबाई धापा टाकत समोर आली. चेहरा फुललेला.

‘बाई, आम्ही वाढलो!’

‘किती?’

‘भिंतीपासून नळांपर्यंत!’

‘कोण?’

‘सगळे! सगळ्यांची सारखीच आली!’

अंगणात ऊन नव्हतं. आदल्या दिवशीच्या त्या पत्र्यांनी इमारत एक मजला उंच झाली होती, आणि तिची सावली भिंतीवरून उतरून थेट नळांपर्यंत येऊन बसली होती. तिच्या पोटात तिसरीचा अख्खा वर्ग आपापल्या खडूच्या पावलांवर उभा होता. सावली मोजा म्हटलं होतं. पायाखाली जी काळोखी होती ती त्यांनी इमानेइतबारे मोजली. मला हसू आवरेना. व्हरांड्याच्या कठड्याला धरून हसले मी. असली चूक करायला तिसरीतच असावं लागतं.

मग मात्र समजावून सांगावं लागलं. ‘ही तुमची नाही रे. ही इमारतीची सावली. सावलीत उभं राहिलं की आपली सावली पडत नाही.’

‘मग आमची कुठे गेली?’

‘हिच्यातच मिसळली, असं समजा.’

पोरांनी खाली बघितलं. फरशीवर पांढरी मुलं होती, रिकामी. आत भरायला कुणी नव्हतं. त्यांचे चेहरे पडले आणि मी हसायची थांबले.

वकील विचार करत होता. तो विचार करायला लागला की मला धास्ती वाटते. ‘आमच्या सावल्या इमारतीनं खाल्ल्या,’ तो म्हणाला. ‘इमारत उंच कुणी केली? त्या फळ्या कुणी वर नेल्या?’ आणि त्याने बगळीकडे बोट केलं. ‘हिच्या बाबांनी.’

 बगळीने वर बघून हात केला. हुकाला त्या वेळी काहीतरी जड अडकवलेलं होतं. तो ढिम्म हलला नाही.

‘बघा,’ वकील म्हणाला.

मी त्याला झापलं. चांगलंच झापलं. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ‘पण बाई, मी खोटं बोललो का?’ खोटं तो बोलला नव्हता, तीच तर पंचाईत होती. त्या दिवशी डब्याच्या वेळी बगळीच्या बाकावर ती एकटी होती. सुट्टीभर ती नळांपाशी एका पायावर उभी राहिली, आणि मी तिला नीट उभी राहा म्हटलं नाही.

गुरुवारी ती अंगणातच येईना. वर्गाच्या दाराला टेकून उभी राहिली. बाकीची पोरं नळांपलीकडे उन्हाची एक चिंचोळी पट्टी उरली होती तिथे ढकलाढकली करत होती. पट्टीत एक हात मावला की धड बाहेर. मी तिच्यापाशी गेले.

‘बाबांना सांगितलं मी,’ ती म्हणाली. ‘इमारत थोडी बुटकी करा म्हणून.’

‘मग?’

‘हसले.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘मग नाही हसले.’

‘ते काय म्हणाले?’

‘काहीच नाही. जेवलेच नाहीत नीट.’ तिने पाय बदलला. ‘बाई, हुक पण हलत नाही आता. बाबा रागावलेत का माझ्यावर?’

 नाही गं, म्हटलं, कामात असतील. तिला ते पटलं नाही आणि मलाही नाही. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. क्रेनची सावली खिडकीवरून गेली, पोरं थांबली, पुढे वाचायला लागली. बगळी तेवढी खिडकीकडे बघत राहिली, ती सावली कुठे जाते आहे ते शोधत.

संध्याकाळी शाळा सुटली, गर्दी पांगली, आणि दाराबाहेर बघते तर एक माणूस फळा वाचत उभा. एक शब्द तो, पण तो असा वाचत होता जसं खाली आणखी काही लिहिलेलं सापडेल. सडपातळ, पिवळं जाकीट घातलेला, डोळे जरा मिचकावत. जमिनीवरची माणसं एकदम एवढी मोठी दिसल्याने गोंधळल्यासारखा. बगळी दप्तर घेऊन फाटकापाशी शिपाईकाकांशी बोलत होती.

‘मी तिचा बाबा,’ तो म्हणाला. ‘रोज वाचतो मी हा फळा, बाई. आज कामावरून लवकर सोडलं म्हणून तुम्ही भेटलात.’

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आत बाकावर बसवलं. तिसरीचं बाक, गुडघे हनुवटीला लागले त्याचे.

‘पोरं तिला बोलतात,’ तो म्हणाला. ‘बोलणारच. खोटं काय आहे त्यात. फळ्या मीच चढवल्या. खाली माणूस इशारा करतो, मी उचलतो. लोकांना वाटतं, क्रेनवाला म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. पण इशारा झाल्याशिवाय मला बोटभर इकडचं तिकडे करता येत नाही.’

‘मग तो हुक?’ मी विचारलं. ‘ती म्हणते तुम्ही हलवता.’

त्याने दाराकडे बघितलं, मुलगी लांब आहे ना याची खात्री केली. ‘वाऱ्यानं हलतो, बाई. रिकामा असला की हलतोच. एकदा घरी आल्यावर ती म्हणाली, बाबा, तुम्ही मला हुकानं हात केलात ना? इतकी खूश होती. मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.’

 बाहेर ऊन उतरलं होतं आणि सगळं अंगण विझल्यासारखं दिसत होतं.

‘पण बघतो मी,’ तो म्हणाला. ‘ते खोटं नाही. दहाच्या सुट्टीत खाली चहा होतो, क्रेन थांबते. मला उतरता येत नाही, चढण्या-उतरण्यातच सुट्टी संपेल. म्हणून मी डबा वरच नेतो आणि तुमच्या अंगणात बघत बसतो. वरून माणसं दिसत नाहीत, बाई. नुसती डोकी. सगळी डोकी काळी. पण सकाळच्या उन्हात सावल्या लांब पडतात ना, त्या ओळखू येतात. एवढ्या पोरांत एकच सावली एका पायावर असते.’ तो हसला, आणि मग त्याचं हसू गेलं. ‘बुधवारपासून काही दिसत नाही. सगळं अंगण काळं. ती कुठे उभी आहे, कुणाबरोबर आहे, एकटी आहे का, काही कळत नाही. आणि ते मीच केलं. आपल्या हातानं.’

मला रडू येतंय असं वाटल्यावर मी नेहमी रागावते. ‘उद्या दहाच्या सुट्टीत आमच्या गच्चीकडे बघा,’ मी जोरात म्हणाले. ‘शाळेची गच्ची. तिथे अजून ऊन असतं.’

‘मला क्रेन हलवता नाही येणार हं, बाई.’

‘हलवू नका. उलट अजिबात हलवू नका. तुमची क्रेन कुठे थांबते?’

त्याने हवेत हात करून दाखवलं. मी मनातल्या मनात सूर्य, क्रेन आणि गच्ची मांडून बघितली. माझा हिशेब नेहमी चुकतो. तो बरोबर यावा म्हणून मी रात्री झोपेतसुद्धा मांडत होते बहुतेक, कारण स्वप्नात मी फरशीवर पडलेली खडूची बाई होते आणि कुणीतरी माझ्या पावलांवर पाऊल ठेवायला येणार होतं.

गच्चीची किल्ली शिपाईकाकांकडे. ‘मोठ्या बाईंना विचारलंत?’ ते म्हणाले. मी म्हटलं, कठडा माझ्या खांद्याएवढा आहे, आणि तुम्ही दारात उभे राहा म्हणजे एकही पोर निसटायचं नाही. ‘करायला जाल एक आणि होईल भलतंच,’ ते पुटपुटले. पण कुलूप काढलं, आणि नंतर दारात उभे न राहता पोरांबरोबर पुढेच जाऊन उभे राहिले.

शुक्रवारी सकाळ निवांत होती. वारा नावालाही नव्हता. वर स्वच्छ ऊन पसरलं होतं, खाली गल्ली अजून अर्धी झोपेत. पोरांनी गच्चीत पाऊल टाकलं आणि त्यांच्या सावल्या टुणकन त्यांच्या पायाशी येऊन पडल्या. जो काही आरडाओरडा झाला तो मोठ्या बाईंनी नक्की ऐकला असणार. कुणी आपल्या सावलीवर आडवं पडलं. मोजणीबाईने घाईघाईने आपली मोजून घेतली, पुन्हा जाते की काय म्हणून.

बगळी दाराशीच होती. मी तिला हाक मारली. ‘हे बघ काय आहे.’

गच्चीच्या मधोमध क्रेनच्या हाताची जाळीदार सावली आडवी पडली होती. थांबलेली. तिच्या मुळाशी, जिथे हात खांबाला जोडलेला असतो, तिथे एक काळसर चौकोन होता. माझा हिशेब आयुष्यात एकदा बरोबर आला होता.

बगळी चौकोनाकडे बघत राहिली. मग वर बघितलं, मग परत खाली. ‘हे बाबांचं खोपट आहे,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘म्हणजे बाबा यात आहेत.’

‘आत्ता. या घडीला.’

पोरं गोळा झाली. कुणी चौकोनात पाय ठेवेना. बगळीने माझ्याकडून खडू घेतला, गुडघ्यांवर बसली आणि कड शोधायला लागली. कड सापडत नव्हती. काळं कुठे संपतं आणि ऊन कुठे सुरू होतं ते कळतच नव्हतं. तिने दोनदा रेघ काढून बोटाने पुसली.

‘पुसट आहे,’ ती म्हणाली, रडकुंडीला येऊन.

‘लांब आहेत ना ते,’ वकील म्हणाला. ‘लांबचं पुसट असतं. बाईंनी सांगितलंय.’ तो खाली बसला, डोळे बारीक करून बघितलं आणि बोट ठेवलं. ‘इथून काढ.’

तिने तिथून काढली. ती एक बाजू काढायची, तो दुसरीकडे बोट ठेवायचा. बाबा खडूच्या चौकोनात बसल्यावर मी टाळी वाजवली आणि म्हटलं, हजेरी. माना खाली.

मी नावं घेत गेले. काळे हात उठले, पडले. हजर. हजर. उन्हात आवाजसुद्धा सावकाश पोचत होते. शेवटी बगळी. तिची सावली चौकोनाच्या कडेला लागून होती. ‘हजर,’ ती म्हणाली, आणि मग तिने मान वर केली आणि दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागली.

‘आता हुक हलेल,’ ती म्हणाली.

सगळ्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. वारा नव्हता. तारेच्या टोकाला हुक सरळ, निश्चल लोंबत होता. बगळी हात हलवत राहिली. पोरं थांबली. कुणीतरी पाय घासले. मला माहीत होतं की हुक हलणार नाही, हलूच शकत नाही, आणि गच्चीवर यायची टूम मीच काढली होती. हे सगळं मीच तिच्यावर ओढवून आणलं होतं. सांगावं का तिला आत्ताच, की तो वारा असतो? 

‘बाई,’ वकील म्हणाला. तो वर बघत नव्हता. त्याने मान खाली ठेवली होती, हजेरीचा नियम होता म्हणून. ‘बाई, इकडे.’

खडूच्या चौकोनाच्या एका बाजूने काहीतरी बाहेर आलं होतं. अगदी फिकट, बघता बघता नाहीसं होईल असं, पाण्याच्या डागासारखं. ते रेघेबाहेर आलं, वर गेलं, खाली आलं. परत वर गेलं. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं तर खोपटाच्या खिडकीतून एक हात बाहेर होता, आणि हातात अंगातून काढलेलं पिवळं जाकीट, झेंड्यासारखं हलणारं.

बगळीचे हात हवेतच राहिले. ती हसली नाही, ओरडली नाही. ती हळूच पुढे झाली, त्या फिकट डागाजवळ, आणि आपला हात असा धरला की तिच्या सावलीचा हात त्याला लागला. काळा, स्पष्ट हात, आणि त्याच्या टोकाशी तो पुसट.

 मी हजेरी कुठवर आली होती तेच विसरले.

‘बाई, एक राहिलं,’ वकील म्हणाला. आणि मी काही म्हणायच्या आत, चौकोनाकडे बघत, त्यानेच मोठ्याने सांगितलं, ‘हजर!’

मग सगळा वर्ग ओरडला, हजर, हजर, आणि त्या गलक्यात शिपाईकाकांचाही आवाज होता. ऊन सरकत होतं. चौकोन आपल्या रेघांतून जरासा बाहेर पडला होता, आणि बगळी त्याच्याबरोबर सरकत होती. वकील आणि मोजणीबाई तिच्या दोन्ही बाजूंनी. खाली चहा संपला, कुणीतरी शिट्टी वाजवली, क्रेनचा हात उचलल्यासारखा हलला आणि गच्चीवरून निघून गेला. खडूचा रिकामा चौकोन राहिला. बगळी त्यात जाऊन बसली आणि वर येताना बरोबर आणलेला डबा तिने तिथेच उघडला. बाकीच्यांनी आपापले डबे आणायला जिन्यावरून धूम ठोकली.

मोठ्या बाईंनी दुपारी मला बोलावून घेतलं. त्या काय बोलल्या ते मी सांगत बसत नाही. चूक माझीच होती आणि बोलणं रास्त होतं.

संध्याकाळी मी दाराबाहेरचा फळा पुसायला घेतला. बगळीचा बाबा फाटकातून आत आला, डोळे मिचकावत, जाकीट हातात. बगळी अंगणात वकिलाशी कशावरून तरी तावातावाने भांडत होती. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

‘दिसलं का, बाई?’

‘दिसलं,’ मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बराच वेळ तो मुलीकडे बघत राहिला, इतक्या जवळून बघायची सवय नसल्यासारखा.

‘आज दोन्ही पाय खाली होते तिचे,’ तो म्हणाला. ‘तरी ओळखली.’